आपण रांगेत आहात

एका कंपनीच्या मदत-क्रमांकावर मी ताटकळत होते. काम क्षुल्लक होतं, पत्ता बदलून हवा होता. फोन स्पीकरवर टाकून पलंगावर ठेवला होता, मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि फोनच्या त्या चिमुकल्या जाळीतून एक धून वाजत होती. ड्रम-मशीनचा सरळसोट ठेका, त्यावर सिंथेसायझरच्या मऊ लाटा, मध्येच वर उडी मारणारी एक सुरावट. मला ती पाठ आहे. पुढची जागा कुठे येणार, कुठे ठेका क्षणभर थांबल्यासारखा वाटणार, सगळं माहीत आहे. नेमकी ती जागा यायच्या आत धून कापली गेली आणि एक तरुण आवाज म्हणाला, "वाट पाहायला लावल्याबद्दल क्षमस्व, मॅडम." मी सहज बोलून गेले, "असू दे हो, धून छान लावता तुम्ही." पलीकडे शांतता. मग त्याने अगदी खऱ्या कुतूहलाने विचारलं, "कुठली धून मॅडम? आम्हाला इकडे काही ऐकू येत नाही."

पत्ता बदलून झाला. त्याने ठरलेल्या शब्दांत दिवस चांगला जाण्याच्या शुभेच्छा दिल्या. कपड्यांच्या घड्याही संपल्या. ते वाक्य मात्र हटेना. अर्थात त्यात गूढ काही नाही, होल्डचं बटण दाबलं की दाबणाऱ्याची लाइन सुटते आणि यंत्र आपलं आपण धून लावतं. पण हा मुलगा दिवसभर, अख्खी शिफ्ट, माणसांना त्या धुनेच्या हवाली करत असणार आणि त्याने ती एकदाही ऐकलेली नाही. ज्यांना ऐकू येते ते तिला शिव्या घालत असतात. वाजवणाऱ्याला ऐकू येत नाही, ऐकणाऱ्याला नको आहे. मग हे संगीत आहे तरी कोणाचं?

माझं आहे, असं मला मनातल्या मनात म्हणावंसं वाटलं, आणि त्याची थोडी लाजही वाटली.

आता सांगूनच टाकते. वाट पाहण्याच्या वेळेसाठी बनवलेल्या गोष्टी मला आवडतात. होल्डवरची धून, कार्यक्रम सुरू होण्याआधी रेडिओवर घोळवली जाणारी सुरावट, प्रक्षेपण बंद असताना टीव्हीच्या पडद्यावर ठेवलेलं चित्र, गेम लोड होत असतानाचा पडदा. माझ्याकडे अशा आवाजांचं एक फोल्डर आहे आणि ते मी फारसं कोणाला दाखवत नाही. छंद चमत्कारिक असला तरी चालतो, पण त्याला काहीतरी अंग लागतं. जुन्या काडेपेट्या जमवणाऱ्याकडे निदान काडेपेट्या असतात. पाहुणे आले की अल्बम उघडता येतो, हात फिरवता येतो, 'बापरे, ही कुठे मिळाली?' असं विचारता येतं. माझ्या फोल्डरमधली फाइल लावली की पाहुणे नम्रपणे वाट पाहू लागतात. त्यांना वाटतं, ही प्रस्तावना आहे. आवडतं गाणं, आवडता सिनेमा असले प्रश्न निघाले की मी चारचौघांसारखी चार नावं सांगते. ती खोटी नसतात, मला ती गाणीही आवडतात. पण घरात कोणी नसताना आपण आपसूक काय गुणगुणतो असं विचारलं तर उत्तर वेगळं येईल.

त्या धुनेला नाव आहे, 'ओपस नंबर वन'. टिम कार्लटन नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने 1989 साली डॅरिक डील या मित्राच्या साथीने गॅरेजमध्ये ती रेकॉर्ड केली. पोरांनी हौसेने केलेला उद्योग, पुढे त्याचं काही झालं नाही. कार्लटन संगीताच्या धंद्यात पडला नाही. डील मात्र पुढे सिस्को कंपनीत गेला, कार्यालयांसाठी फोनयंत्रणा बनवणाऱ्या विभागात. होल्डवर लावायला काहीतरी हवं होतं, त्याला मित्राची जुनी टेप आठवली. सिस्कोची यंत्रणा बसवली की ती धून मुळातच आत असते, ती बदलण्याचे कष्ट बहुतेक कचेऱ्या घेत नाहीत. अशी ती जगभर पसरली. कोणी निवडली म्हणून पसरली नाही, कोणी काढली नाही म्हणून पसरली. प्रसिद्धीची ही तऱ्हा मला फार आवडते. ज्या मुलाचं गाणं एरवी कोणी मुद्दाम लावलं नसतं, त्याचं गाणं अगणित कानांत गेलं आणि त्यातल्या बहुतेकांना ते गाणं आहे हेही जाणवलं नाही.

मूळ रेकॉर्डिंग इंटरनेटवर आहे. ते स्वच्छ आहे, दोन्ही कानांत पसरलेलं, खालचा बास गुबगुबीत. मला ते आवडत नाही. मला फोनवरचं हवं. नेहमीच्या फोन-लाइनमधून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढीच पट्टी जाते, बोललेलं समजायला तेवढी पुरते. तिच्या खाली राहिलेला बास गळतो, वरची झांजांची किनार गळते, उरतो तो मधला गर. मोबाइलवर तर आणखी गंमत. तिथे आवाज पाठवण्याआधी आवळून घ्यावा लागतो, आणि आवळण्याचं हे गणित माणसाच्या बोलण्यावर बेतलेलं असतं. स्वरतंतू थरथरतात, त्या थरथरीला घशाची आणि तोंडाची पोकळी आकार देते, हा त्याचा नमुना. म्हणजे पलीकडे कोणीतरी बोलतंय हे त्याने गृहीतच धरलेलं असतं. त्याच्यापुढे सिंथेसायझर आला की ते त्यातही घसा शोधत बसतं. लांबवलेला सूर डुचमळतो, दोन सूर एकदम आले की एकमेकांत विरघळतात, आणि फार हळू आवाजात काही वाजलं की तो निव्वळ गोंगाट समजून यंत्र ते गाळूनच टाकतं. त्यामुळे प्रत्येक वेळी ती धून थोडी वेगळी ऐकू येते. कुठे लाइन कच्ची असते, कुठे मध्येच 'आपण रांगेत आहात' येऊन सुरावट तोडते आणि ती परत नको त्या जागी सुरू होते. पहिल्यापासून सुरू करायची की सोडली तिथून, यावरही यंत्रायंत्रांत फरक असतो. माझं लक्ष या असल्या गोष्टींकडे असतं. कंपनी, तक्रार क्रमांक आणि तक्रार यांच्याकडे नसतं, आणि म्हणून घरात असले फोन करायचं काम हमखास माझ्याकडे येतं.

होल्डवर संगीत आलं तेही अपघाताने. आल्फ्रेड लेव्ही नावाच्या अमेरिकन कारखानदाराच्या फोनयंत्रणेतली एक सुटी तार इमारतीच्या लोखंडी तुळईला टेकली होती. अख्खी इमारत त्यामुळे अँटेना झाली आणि शेजारच्या रेडिओ केंद्राचं प्रक्षेपण होल्डवर असलेल्यांच्या कानात जायला लागलं. दुसरा कोणी असता तर त्याने वायरमन बोलावला असता. लेव्हीने 1962 साली पेटंटसाठी अर्ज केला आणि 1966 मध्ये त्याला ते मिळालं. त्याचं म्हणणं साधं होतं. लाइनवर नुसती शांतता असली की माणसाला वाटतं फोन कटला, आणि तो ठेवून देतो. काहीतरी वाजत राहिलं की आपण अजून जोडलेले आहोत एवढं कळतं. काय वाजतं हा प्रश्नच नाही, काहीतरी वाजतंय एवढंच पुरे.

रेडिओवाल्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. शॉर्टवेव्हवर स्टेशन लावणं हे कौशल्याचं काम होतं. आमच्या घरी ते खातं बाबांचं. रात्री जेवणं झाली की ते रेडिओसमोर बसत, मोठ्या चकतीने काटा अंदाजाच्या जागी नेत आणि मग लहान चकती दोन बोटांत धरून केसाएवढी इकडे, केसाएवढी तिकडे. शिट्ट्या, खरखर, कुठल्या तरी परक्या भाषेतलं तावातावाचं भाषण, त्याखाली दबलेली दुसरीच कुठली तरी बाई. आणि मग त्या सगळ्या कचऱ्यातून तीच ती छोटी सुरावट वर यायची, बुडायची, परत वर यायची. कार्यक्रमाच्या आधी काही मिनिटं केंद्र ती सारखी वाजवत राहतं, लांबच्या श्रोत्याला काटा नेमका बसवता यावा म्हणून. बीबीसीचं लष्करी चालीतलं 'लिलिबुलेरो'. जर्मनीच्या डॉइचे वेलेची, चेलेस्टा या पियानोसारख्या वाद्यावर वाजवलेली टिणटिणती ओळ, बेथोव्हेनच्या 'फिडेलिओ' ऑपेरातली. रेडिओ ऑस्ट्रेलियाचा कुकाबुरा पक्षी, माणसाने वेडावून दाखवल्यासारखा हसणारा. बाबांच्या दृष्टीने ही सगळी खूण होती, पोचलो एवढंच सांगणारी. निवेदक बोलायला लागला की ते मान मागे टेकून ऐकायला लागत आणि दादा पुढे सरकून बसे. माझा कार्यक्रम तिथे संपलेला असे.

आपल्याकडची आकाशवाणीची धून याच जातीची. तिच्याबद्दल लिहिताना लोक फार लवकर गहिवरतात. पहाट, चहाचा वास, आजीचं नामस्मरण. माझा त्या गहिवराला विरोध नाही, पण त्यात धून बाजूलाच राहते. एकदा कान देऊन ऐका. खाली तंबोऱ्याचे सूर, वर एकटं व्हायोलिन, आणि ते व्हायोलिन धड आपलंही नाही आणि धड परकंही नाही. स्वर ओळखीचे, पण त्यांच्याकडे जाण्याची वाट थोडी निराळी. तिचं श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. 1907 साली आजच्या चेक देशातल्या कार्ल्सबाडमध्ये जन्मलेला हा ज्यू संगीतकार. युरोपात नाझींचं सावट पसरायला लागल्यावर 1934 मध्ये तो मुंबईला आला, आणि मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताची जबाबदारी सांभाळू लागला. 1946 पर्यंत तो इथे होता. पुढे कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचा संचालक झाला, त्याहीपुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवत राहिला, भारतीय रागांवर ग्रंथ लिहिले. चरित्रात ही बारा वर्षं 'भारतातील वास्तव्य' अशी एका शीर्षकात मावतात. पण जाणार कुठे हे माहीत नसताना, मागे काय शिल्लक राहील हे माहीत नसताना काढलेली वर्षं ती. एवढा काळ दुसऱ्यांच्या घरी थांबलेल्या माणसाने कार्यक्रम सुरू होण्याआधीची धून करावी, हे मला नुसता योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. पुरावा काही नाही. वाटतं, एवढंच.

चित्रांतही असं असतं. बीबीसीचं 'टेस्ट कार्ड एफ', म्हणजे कार्यक्रम नसताना दाखवायचं चाचणी-चित्र, आपल्याकडे दिसायचं कारण नव्हतं, मी ते फार उशिरा, संगणकावर पाहिलं. 1967 सालचं. रंगांच्या पट्ट्या आणि रेघांच्या जाळ्या यांच्या मधोमध एका गोलात केसांना पट्टा लावलेली आठ वर्षांची मुलगी, शेजारी विदूषकाची कापडी बाहुली, मध्ये फळ्यावर मांडलेला फुली-गोळ्याचा डाव. मुलगी कॅरोल हर्सी, हे कार्ड तयार करणारे अभियंते जॉर्ज हर्सी यांची लेक. यातलं काहीही शोभेसाठी नाही. माणसाच्या कातडीचा रंग पडद्यावर बरोबर उमटतो का हे पाहायला चेहरा हवा होता. बाईचा घेतला तर तिचे कपडे आणि रंगरंगोटी चार वर्षांत जुनी दिसणार, म्हणून मूल घेतलं. फळ्यावरची फुली बरोबर पडद्याच्या मध्यावर येते, तिच्यावरून टीव्ही दुरुस्त करणारा मध्यबिंदू जुळवणार. मुलीच्या नजरेचा, विदूषकाच्या हसण्याचा जो काही चमत्कारिक परिणाम होतो तो कोणी मागितलेला नव्हता. ते कार्ड सुमारे 70,000 तास पडद्यावर राहिलं असा अंदाज सांगतात. कुठल्या नटीच्या वाट्याला हे आलं? आणि त्या चित्रामागे जे संगीत वाजायचं, त्याचे भोक्ते एकत्र येऊन जुन्या टेपा शोधतात, कुठल्या वर्षी कुठली धून लागायची यावर हमरीतुमरीवर येतात. टेस्ट कार्ड सर्कल नावाचं त्यांचं मंडळच आहे ब्रिटनमध्ये. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा परक्या गावात कोणीतरी आपल्या बोलीत हाक मारावी तसं झालं मला.

गेमच्या लोडिंगबद्दल मी फार बोलणार नाही, तो प्रांत माझ्या लेकीचा. एवढंच, की वाट पाहताना खेळायला आणखी एक छोटा गेम द्यायचा या कल्पनेवर नॅम्को कंपनीने पेटंट घेतलं होतं आणि ते 2015 पर्यंत चालू होतं. तोवर इतरांनी फिरणारी चाकं दाखवली. पुढे यंत्रंच इतकी वेगवान झाली की वाट पाहायची वेळच उरली नाही. लेक म्हणते, "आई, तुझ्यासारखं कुणालाच लोडिंग मिस होत नाही." खरं असेल.

हे सगळं मला का आवडावं, याचा छडा लावायचा मी प्रयत्न केला आहे. सोपं उत्तर मानसशास्त्रात तयार आहे. रॉबर्ट झायॉन्स यांनी 1968 साली दाखवून दिलं की एखादी गोष्ट निव्वळ वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. त्यांनी लोकांना निरर्थक शब्द, चिनी वळणाची चिन्हं, अनोळखी चेहरे दाखवले. जे जास्त वेळा दाखवले ते जास्त बरे वाटले. म्हणजे कार्लटनची धून माझ्या कानांवर आदळत राहिली, म्हणून आवडली. पण मग ती बाकीच्यांच्याही कानांवर तेवढीच आदळते की. त्यांना ती आवडत नाही, त्यांचं डोकं उठतं. सरावाने आवड लागते हे खरं असेल, पण कोणाला लागते आणि कोणाच्या डोक्यात जाते हे त्यातून कळत नाही.

मला वाटतं, मूळ कारण असं की या गोष्टी माझ्याकडून काही मागत नाहीत. गाणं म्हटलं की ते आपल्याला हलवायला निघालेलं असतं. सिनेमाला रडवायचं असतं, हसवायचं असतं, निदान पुढे काय होणार म्हणून खुर्चीत खिळवून ठेवायचं असतं. आणि हल्ली तर प्रत्येक गोष्ट 'आवडलं का? आवडलं ना?' म्हणून बाही ओढत असते. होल्डवरच्या धुनेला माझ्या आवडीनिवडीशी कर्तव्य नाही. तिचं यश कशात, तर मी फोन ठेवला नाही यात. तिच्यापुढे माझी रसिकता सिद्ध करायची नसते. ती ऐकताना मी जेवढी निवांत असते तेवढी मैफलीत कधी नसते. मैफलीत दाद कुठे द्यायची याचं दडपण असतं.

पण इथेच एक पाचर आहे, आणि ती फ्रान्समध्ये एका विक्षिप्त संगीतकाराने शंभर वर्षांपूर्वी मारून ठेवली आहे. एरिक साती. खुर्ची-टेबलासारखं, खोलीत असावं आणि त्याच्याकडे कोणी बघू नये असं संगीत त्याला करायचं होतं. 1920 मध्ये पॅरिसच्या एका कलादालनात नाटकाच्या अंकांमधल्या वेळात त्याने दारियुस मियो या मित्राबरोबर त्याचा प्रयोग केला. वादक दालनाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवले. प्रेक्षकांना आधी बजावून ठेवलं की याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. वादन सुरू झालं आणि लोक शहाण्यासारखे गप्प बसून ऐकायला लागले. साती हवालदिल. मियोने पुढे लिहून ठेवलंय, की तो लोकांमध्ये फिरून बोला, हिंडा, ऐकू नका म्हणून ओरडत होता. हा प्रसंग वाचून हसू येतंच. पण मग मला वाटलं, त्या दालनात मी असते तर सगळ्यांत पुढे, मान तिरकी करून, डोळे मिटून बसलेली बाई मीच असते. सातीने माझ्याच दंडाला धरून मला हलवलं असतं.

म्हणजे मला जे आवडतं ते मी कान दिला की ते राहत नाही. ऐकू नये म्हणून केलेली वस्तू मी ऐकते आणि तिला गाणं करून टाकते. ब्रायन इनो या इंग्लिश संगीतकाराने 1978 मध्ये विमानतळासाठी संगीत केलं तेव्हा दोन्ही बाजू सांभाळल्या. दुर्लक्ष केलं तरी चालेल, लक्ष दिलं तरी चालेल असं ते असावं, ही त्याची मागणी. ते फार सुंदर आहे आणि माझ्या फोल्डरमध्ये नाही. आपण सुंदर आहोत हे त्याला माहीत आहे. त्यापेक्षा याच इनोने विंडोज 95 साठी केलेला काही सेकंदांचा आवाज मला जवळचा, संगणक सुरू होताना वाजायचा तो. त्यासाठी म्हणे त्याने 84 तुकडे केले आणि त्यातला एक निवडला गेला. उरलेल्या 83 तुकड्यांच्या विचाराने मला अधूनमधून अस्वस्थ व्हायला होतं.

दुसरी अडचण लोकांची. 2014 मध्ये अमेरिकेतल्या एका रेडिओ कार्यक्रमात एका गृहस्थांची गोष्ट आली. होल्डवरची एक धून त्यांच्या डोक्यात इतकी बसली की ती कोणाची हे शोधल्याशिवाय त्यांना चैन पडेना. शोध लागला तो थेट कार्लटनपर्यंत. तेव्हापासून 'ओपस नंबर वन'ला चाहते आहेत, तिची भाषांतरं व्हावीत तशी गिटारवरची, पियानोवरची रूपं आहेत. मला आनंद झाला. खरंच झाला. एक माणूस दूर कुठेतरी माझ्यासारखाच रिसीव्हर कानाला लावून बसतो हे कळल्याचा आनंद. आणि त्याच्या पाठोपाठ एक क्षुद्र, न सांगण्याजोगी चिडचिड. आता ती 'ती प्रसिद्ध होल्डची धून' झाली. तिच्यावर विनोद होणार, ती जाहिरातीत येणार, आणि कोणीतरी मलाच समजावून सांगणार की अगं, तिची मोठी इंटरेस्टिंग गोष्ट आहे.

असंच 2024 च्या नोव्हेंबरात झालं. जर्मनीतल्या एका मुलाने 1984 च्या सुमारास रेडिओवरून टेप केलेलं एक गाणं, ना नाव ना गायक. त्याच्या बहिणीने 2007 मध्ये ते इंटरनेटवर टाकलं, कोणी ओळखतंय का पाहायला. हळूहळू त्यामागे इतके लोक लागले की 'इंटरनेटवरचं सर्वांत गूढ गाणं' हेच त्याचं नाव पडलं. शेवटी सापडलं. कील शहरातला फेक्स नावाचा बँड, गाणं 'सबवेज ऑफ युअर माइंड'. बँडमधले लोक हयात, आपण इतके शोधले जात होतो याचा त्यांना पत्ता नाही. ती बातमी वाचली त्या रात्री मी ते गाणं पुन्हा लावलं. गाणं बरं आहे. ऐंशीच्या दशकातलं एक बरं गाणं. इतकी वर्षं त्यात जो धुरकट कोपरा होता तिथे आता चार भल्या, पिकल्या केसांच्या माणसांचे फोटो होते. ज्यांनी शोधलं त्यांचं अभिनंदन करावं की त्यांना विचारावं, आता रात्री काय करता?

सध्या मला काळजी आहे ती होल्डचीच. हल्ली यंत्र म्हणतं, 'आपला क्रमांक नोंदवला आहे, आम्ही आपल्याला परत फोन करू.' लोकांची त्यात सोय आहे, त्याच्याविरुद्ध बोलायला तोंड नाही. शॉर्टवेव्हवरची बरीच केंद्रं बंद झाली, त्यांच्या धुना हौशी मंडळींनी टिपून ठेवल्यात म्हणून ऐकता तरी येतात, खरखरीसकट. होल्डवरचं कोण टिपणार? मी टिपते. फोनवर फोन धरून, त्यामुळे त्यात माझ्या खोलीतला पंखा येतो, एकात दाराची बेल, एकात मीच 'हॅलो, हॅलो' करतेय. ते मी कापत नाही.

परवा दादाला फोल्डरमधली एक फाइल पाठवली. बाबांच्या रेडिओवरची ती टिणटिणती जर्मन ओळ, एका जपानी श्रोत्याने टिपलेली, चांगली लांबलचक. म्हटलं, याला नक्की आठवेल. रात्री त्याचा निरोप आला: "पूर्ण ऐकलं. छान आहे. पण सुरू कधी होतं गं हे?"

मी त्याला लगेच दुसरी पाठवली.